वाढत्या हाडाचा हिशेब

१९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात हाडाच्या कॅन्सरसाठी पाय न कापता धातूचं हाड बसवण्याचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हा एक अडचण उभी राहिली. प्रत्येक रुग्णाच्या मापाचं हाड घडवून यायला दोन-तीन महिने लागत आणि तोवर गाठ वाढत राही. केमोथेरपीचे डॉक्टर जेराल्ड रोझेन आणि सर्जन राल्फ मार्कोव्ह यांनी मधल्या काळात औषधं सुरू करून ठेवायचं ठरवलं. अनेकांची गाठ आक्रसली, दुखणं कमी झालं. शिवाय काढलेलं हाड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर औषधानं किती पेशी मेल्या हेही कळू लागलं. आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो ही आज जगभर पाळली जाणारी रीत त्या प्रतीक्षेतून घडली.

त्याआधीचं चित्र फार करुण होतं. ऑस्टिओसार्कोमा हा मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा हाडाचा कॅन्सर. तो बहुधा दहा ते वीस या वयात, उंची झपाट्यानं वाढत असताना होतो आणि निम्म्याहून अधिक वेळा गुडघ्याच्या वर किंवा खाली उगवतो. निदान झालं की पाय मांडीतून कापला जाई. तरीही पाचांपैकी चार मुलं पुढच्या काही वर्षांत दगावत, कारण कॅन्सरच्या पेशी त्याआधीच फुप्फुसांत पोचलेल्या असत. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १७ टक्के रुग्ण दोन वर्षांनी आजारमुक्त होते. शस्त्रक्रियेनंतर केमो मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ६६ टक्के होतं. मुलं जगू लागली आणि त्यांच्या पायाचा विचार करण्याची उसंत वैद्यकशास्त्राला प्रथमच मिळाली.

त्याच वर्षी दुसरा महत्त्वाचा अभ्यास आला. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला ऑस्टिओसार्कोमा झालेल्या २२७ रुग्णांची, २६ रुग्णालयांतली, माहिती त्यात तपासली होती. पाय वाचवलेले आणि पाय कापलेले रुग्ण सारख्याच प्रमाणात जगले होते. गाठीभोवतीच्या निरोगी स्नायूंचा थर तिच्यासकट नीट निघत असेल, तर पाय राखल्यानं जीव धोक्यात येत नाही, याचा तो भक्कम आधार ठरला. आज सुसज्ज केंद्रांत बहुसंख्य मुलांचा पाय वाचतो.

या यशानं एक अपुरा समजही रुजवला. ‘पाय वाचला’ या दोन शब्दांत सगळं आलं असं आईवडिलांना वाटतं, वर्तमानपत्रांना वाटतं, कधी कधी डॉक्टरांनाही वाटतं. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र शस्त्रक्रियेच्या दिवशी फक्त सुरुवात होते. त्या मुलाला अजून आठ वर्षं वाढायचं आहे आणि साठ वर्षं चालायचं आहे. म्हणून कोणती शस्त्रक्रिया चांगली हे ठरवताना क्ष-किरणाच्या चित्रात पाय किती अखंड दिसतो, एवढंच पाहून चालणार नाही. तो पाय पुढची अनेक दशकं कसा चालेल, किती वेळा उघडावा लागेल आणि त्याची देखभाल कोण करेल, हे प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारले गेले पाहिजेत.

यामागे साधं गणित आहे. हाडाची लांबी त्याच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या पातळ थरातून, म्हणजे ग्रोथ प्लेटमधून वाढते. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ त्याच्या गुडघ्याकडच्या टोकातून होते आणि तिथेच ही गाठ सर्वाधिक आढळते. त्या टोकातून हाड दरवर्षी साधारण एक सेंटिमीटर वाढतं, तर नडगीच्या वरच्या टोकातून सुमारे सहा मिलिमीटर. ही वाढ मुलींमध्ये साधारण चौदाव्या आणि मुलांमध्ये सोळाव्या वर्षापर्यंत चालते. आठ वर्षांच्या मुलाच्या मांडीचं खालचं टोक गाठीबरोबर काढलं, तर वाढ थांबेपर्यंत तो पाय सात-आठ सेंटिमीटरनं आखूड पडेल. कृत्रिम सांध्याचा दांडा नडगीच्या ग्रोथ प्लेटमधून गेला आणि तिचीही वाढ खुंटली, तर फरक आणखी वाढतो. पंधरा वर्षांच्या मुलीत हाच प्रश्न बुटाच्या टाचेत थोडी उंची वाढवून सुटतो. म्हणजे निदान एकच असलं तरी वयानुसार आजाराचं स्वरूप बदलतं.

या गणिताला अभियंत्यांनी दिलेलं उत्तर म्हणजे लांब होणारं कृत्रिम हाड. लंडनजवळच्या स्टॅनमोरमध्ये १९७० च्या दशकापासून अशी हाडं घडवली गेली. सुरुवातीच्या रचनांमध्ये दर वेळी भूल देऊन, छेद घेऊन, आतला स्क्रू फिरवावा लागे. मुलाची वाढ चालू असेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचं आणि प्रत्येक छेदाबरोबर जंतुसंसर्गाची भीती सोसायची. २००२ च्या सुमारास तिथेच चुंबकाच्या जोरावर लांब होणारं हाड आलं. मूल पाय एका वेटोळ्यात ठेवून बसतं, बाहेरच्या फिरत्या चुंबकीय क्षेत्रामुळे आतला छोटा चुंबक फिरतो, गिअर हलतात आणि हाड काही मिलिमीटर लांबतं. सुई नाही, भूल नाही. मूल त्याच दिवशी घरी चालत जातं.

हे तंत्र विलक्षण आहे. तरीही त्याची दुसरी बाजू लपवता कामा नये. परदेशी बनावटीच्या अशा हाडाची किंमत अनेक लाखांच्या घरात जाते. लांबी वाढवण्याची त्याची क्षमता संपली की ते काढून नवं बसवावं लागतं. धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलाच्या शरीरात धातूचे सांधे झिजतात, दांडे सैल होतात, कधी तुटतात. गाठीच्या शस्त्रक्रियेत बसवलेल्या मोठ्या कृत्रिम हाडांना जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण साध्या गुडघेबदलापेक्षा कितीतरी जास्त आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६०४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर प्रतिजैविकं एक दिवस दिली काय किंवा पाच दिवस दिली काय, दर सहा-सात रुग्णांमागे एकाला संसर्ग झालाच. केमोमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला तो परवडत नाही. काही वेळा वाचवलेला पाय पुढे संसर्गामुळेच कापावा लागतो.

म्हणून दुसरी विचारधारा सांगते की शक्य तिथे धातूऐवजी खरं हाड वापरावं, आणि ते मुलाचं स्वतःचं असेल तर उत्तमच. याची एक पद्धत ऐकताना विश्वास बसत नाही. सर्जन गाठीसकट हाडाचा तुकडा काढतात, त्यावरची गाठ आणि मांस खरवडून टाकतात, तुकडा निर्जंतुक वेष्टनात गुंडाळून रेडिएशनच्या यंत्राकडे पाठवतात. तिथे त्याला एकाच वेळी ५० ग्रे इतका मारा दिला जातो. जिवंत पायावर एका दमात एवढा मारा देता येणार नाही. त्यातली प्रत्येक पेशी मरते. मग तोच तुकडा परत आणून प्लेट आणि स्क्रूंनी मूळ जागी बसवतात. तोवर मूल शस्त्रक्रियागृहात भुलेखालीच असतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या सर्जनांनी ही पद्धत सातत्यानं वापरली आणि तिचे निष्कर्ष जगापुढे मांडले. जपानमध्ये कानाझावाच्या हिरोयुकी त्सुचिया यांनी त्याच हेतूनं हाड उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वीस मिनिटं बुडवण्याची पद्धत रूढ केली. भारत आणि जपान या दोन्ही देशांत मृतांच्या हाडांच्या पेढ्या फारशा वाढल्या नाहीत. त्या उणिवेतून पुढे आलेलं हे ज्ञान आहे.

स्वतःचं हाड मापात तंतोतंत बसतं आणि विकत घ्यावं लागत नाही. ग्रोथ प्लेट आणि सांधा गाठीपासून पुरेसे दूर असतील, तर ते दोन्ही राखून मधलाच भाग बदलता येतो. स्पेनमधल्या पाम्प्लोना इथल्या होसे कान्यादेल यांनी १९८४ पासून यापुढचं पाऊल टाकलं. गाठ ग्रोथ प्लेटच्या आत शिरलेली नसेल, तर बाहेरून लावलेल्या चौकटीनं ती प्लेट हळूहळू ताणून वेगळी करायची, म्हणजे सांध्याचं टोक मुलाकडेच राहतं. मात्र या मार्गांना वेळ लागतो. मारलेलं हाड दोन्ही टोकांना जुळून यायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. मधल्या काळात ते मोडू शकतं. म्हणून त्याच्या आत किंवा शेजारी पोटरीचं बारीक हाड, त्याच्या रक्तवाहिन्यांसकट, जोडतात. इटलीतल्या फ्लॉरेन्सचे रोडोल्फो कापान्ना यांनी दात्याचं मजबूत हाड आणि त्याच्या पोकळीत हे जिवंत हाड अशी जोडी लावली. मुलांमध्ये त्या बारीक हाडावर भार पडू लागला की ते वर्षागणिक जाड होत जातं. शरीराची ही ताकद धातूकडे नाही.

निवड कशी करायची, याचं उत्तर इथे मुलाच्या आजाराकडेही पाहून द्यावं लागतं. फुप्फुसांत आजार पसरलेल्या मुलाला वर्षभर वॉकरवर ठेवणारी शस्त्रक्रिया, हाड कितीही छान जुळणार असलं तरी, अन्यायाची ठरू शकते. त्याला काही आठवड्यांत चालवणारं धातूचं हाडच योग्य. ज्याचा आजार एकाच जागी आहे आणि औषधाला चांगली दाद देतो आहे, त्याच्यासाठी मात्र उशिरा जुळणारं पण आयुष्यभर टिकणारं हाड अधिक मोलाचं.

लहान मुलांच्या बाबतीत सर्वांत कमी समजून घेतलेला पर्याय म्हणजे रोटेशनप्लास्टी. यात मांडीचा खालचा भाग, गुडघा आणि गाठ काढून टाकतात. पायाची मुख्य नस जपतात, रक्तवाहिन्या जपतात किंवा कापून पुन्हा जोडतात, आणि उरलेली नडगी पावलासह १८० अंशांत फिरवून मांडीच्या हाडाला जोडतात. पाऊल मागे वळतं, टाच पुढे येते आणि घोटा गुडघ्याच्या पातळीवर येतो. कृत्रिम पाय घातला की घोटा गुडघ्याचं काम करतो. मूल लहान असेल तर सर्जन घोटा मुद्दाम दुसऱ्या गुडघ्याच्या थोडा खाली ठेवतात, कारण पुढे दुसरी मांडी अधिक वेगानं वाढणार असते आणि वाढ संपताना दोन्ही एका रेषेत यायला हवेत. जर्मनीत बोर्गग्रेव्ह यांनी क्षयानं खराब झालेल्या गुडघ्यासाठी केलेल्या या शस्त्रक्रियेचं वर्णन १९३० मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे डच सर्जन व्हान नेस यांनी जन्मजात आखूड मांडीसाठी ती वापरली. १९७० च्या दशकात व्हिएन्नात साल्झर आणि कोत्झ यांनी ती कॅन्सरकडे वळवली.

तिचे फायदे ठोस आहेत. संसर्ग होणारा, झिजणारा, तुटणारा धातूचा सांधा आत नसतो. पायाची मुख्य नस अखंड राहिल्यानं, कापलेल्या पायाच्या जागी होणारी भासमान वेदना क्वचितच सतावते. स्वतःच्या स्नायूंनी हलणारा सांधा मिळाल्यामुळे मुलं धावतात, पोहतात, सायकल चालवतात, मैदानात उतरतात. बहुतेकांना पुन्हा मोठी शस्त्रक्रिया लागत नाही. जर्मनीतल्या म्युन्स्टरहून १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, कृत्रिम सांधा बसवलेल्यांपेक्षा रोटेशनप्लास्टी झालेले रुग्ण जीवनमानात कमी नव्हते. टाटा मेमोरियलच्या सर्जनांनीही २००७ मध्ये या शस्त्रक्रियेला आजच्या काळात स्थान आहे का, या प्रश्नावर स्वतंत्र लेख लिहिला.

आक्षेप मात्र तितकाच खरा आहे. उलटं पाऊल दिसतं. आई ते चित्र पाहून मान फिरवते. मुलगी असेल तर आजीच्या तोंडून लग्नाचा विषय निघतोच. या भावनेला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणं चूक ठरेल, कारण त्या घराला त्याच गावात राहायचं असतं. पण निर्णय केवळ छायाचित्र पाहून घेतला जाऊ नये. ही शस्त्रक्रिया झालेल्या, आता कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलाला त्या कुटुंबानं चालताना, पायऱ्या उतरताना पाहिलं पाहिजे. मूल आठ-दहा वर्षांचं असलं तरी त्याला बोलतं केलं पाहिजे. मोठ्यांना जे दिसायला असह्य वाटतं, ते पुष्कळदा मुलाला वाटत नाही. त्याला खेळता येईल का, एवढंच विचारायचं असतं.

आणि कधी कधी पाय कापणंच बरोबर असतं. गाठ मुख्य नसा आणि रक्तवाहिन्यांना वेढून बसली असेल, जखम सडली असेल किंवा गाठ औषधाला दाद देत नसेल, तर पाय राखण्याचा हट्ट जिवावर बेततो. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा उजवा पाय १९७७ मध्ये ऑस्टिओसार्कोमामुळे गुडघ्याच्या वरून कापला गेला. १९८० मध्ये कॅन्सर संशोधनासाठी निधी उभारायला तो कृत्रिम पायावर १४३ दिवस धावला आणि ५,३७३ किलोमीटर अंतर कापलं. फुप्फुसांत आजार परतल्यानं त्याला थांबावं लागलं आणि पुढच्या वर्षी, बाविसाव्या वर्षी, तो गेला. त्याला त्याच्या पायानं दगा दिला नव्हता. दगा फुप्फुसांनी दिला. भारतातही जयपूर फूटनं १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून दाखवून दिलं की चिखलात चालणं, उकिडवं बसणं, अनवाणी फिरणं या आपल्याकडच्या गरजा पुरवणारा कृत्रिम पाय इथल्या कारागिराच्या हातून होऊ शकतो. याउलट धातूचा बिजागरीचा गुडघा बसवलेल्या मुलाला उकिडवं बसू नकोस, मांडी घालू नकोस, असं बजावावं लागतं. परसाकडे बसायला भारतीय पद्धतीचंच शौचालय असलेल्या घरात हा तपशील क्षुल्लक नाही.

पाय वाचणार की नाही, हे पुष्कळदा शस्त्रक्रियागृहात ठरतच नाही. ते त्याआधी, तालुक्याच्या गावात ठरतं. गुडघा दुखतो, रात्री जास्त ठणकतो, सूज आहे. मैदानात पडल्याची आठवण असतेच, म्हणून मुरगळल्याचं निदान होतं. हाडवैद्याकडून तेल लावून चोळलं जातं, पट्टा बांधला जातो. वाढीच्या वयातलं दुखणं म्हणून दोन महिने जातात. कित्येक आठवडे टिकलेलं, एकाच जागी असलेलं, झोपेतून उठवणारं दुखणं असेल, तर दोन बाजूंनी काढलेला साधा एक्स-रेही पुष्कळ सांगून जातो. पुढचा धोका बायॉप्सीचा. चुकीच्या जागी, चुकीच्या दिशेनं घेतलेला छेद गाठीच्या पेशी निरोगी भागात पसरवतो आणि मग तो सगळा मार्ग कापून काढावा लागतो. अमेरिकेतल्या हेन्री मँकिन यांनी १९८२ मध्ये ३२९ रुग्णांचा अभ्यास केला. त्यात ४.५ टक्के रुग्णांचा हात किंवा पाय केवळ बायॉप्सीतल्या चुकीमुळे कापावा लागला होता. १९९६ च्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात, जिथे उपचार होणार तिथे न घेता बाहेर बायॉप्सी घेतल्यास चुका आणि गुंतागुंत दोन ते बारा पट वाढत असल्याचं दिसलं. म्हणून संशय आला की बायॉप्सी न करता एमआरआयसह थेट मोठ्या केंद्राकडे पाठवणं ही जिल्हा पातळीवरच्या डॉक्टरांना करता येण्याजोगी सर्वांत मोठी मदत आहे. तीत फारसा खर्च नाही, कौशल्य नाही, फक्त हात आवरण्याचा संयम आहे.

भारतीय सर्जन आणि अभियंत्यांनी खर्चाच्या प्रश्नावरही काम केलं आहे. चेन्नईत डॉ. मयिलवाहनन नटराजन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून रुग्णाच्या मापाची कृत्रिम हाडं इथेच घडवून बसवली. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि हैदराबादचं अलोह पदार्थ तंत्रज्ञान विकास केंद्र यांनी मिळून देशी बनावटीचा गुडघ्याचा कृत्रिम सांधा विकसित केला. परळच्या टाटा मेमोरियलला येणाऱ्या कुटुंबांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा मिळतो. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स केमो घेणाऱ्या मुलांना पालकांसह विनामूल्य राहायला जागा देतात. अशी जागा नसती तर नांदेडच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाची केमो तिसऱ्या फेरीतच सुटली असती, आणि केमो सुटली की हाड कोणतंही बसवलेलं असो, त्याला अर्थ उरत नाही.

आता व्यवस्थेनं हिशेबाची मुदत वाढवायला हवी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना शस्त्रक्रियेनुसार पॅकेज ठरवतात. मोडलेलं हाड एकदाच जोडायचं असेल तर ही रचना सोयीची आहे. वाढत्या मुलाचा पाय मात्र एका पॅकेजमध्ये मावत नाही. त्याच्या वाट्याला लांबी वाढवण्याच्या भेटी, फिजिओथेरपी, वर्षागणिक बदलणारा कृत्रिम पाय किंवा बुटाची उंची, सैल झालेल्या दांड्याची दुरुस्ती आणि फुप्फुसांचे सीटी स्कॅन येणारच आहेत. हे सगळं पहिल्या शस्त्रक्रियेच्या मंजुरीतच धरलं गेलं, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत ते त्या मुलाच्या नावावर राहिलं, तर सर्जनलाही पर्याय निवडताना मोकळेपणा मिळेल. आज निवड अनेकदा घरच्यांना पुन्हा येणं जमेल का, या अंदाजावर होते. एखाद्या मुलाला महागडं लांब होणारं हाड बसवायचं आणि ते लांबवायला त्याला सहा महिन्यांनी मुंबईला आणायला कुणाकडे पैसे नाहीत, ही अवस्था उपचाराची नव्हे, अर्धवट सोडलेल्या उपचाराची आहे.

राज्यानं अशा प्रत्येक मुलाची नोंदही ठेवायला हवी. कोणती पद्धत वापरली, किती वेळा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, दहा वर्षांनी ते मूल चालतं का, शिकतं का, काम करतं का, हे सगळं त्या नोंदीत यावं. रेडिएशन दिलेलं स्वतःचं हाड, देशी धातूचं हाड आणि रोटेशनप्लास्टी यांत विदर्भातल्या शेतमजुराच्या मुलासाठी काय श्रेयस्कर, याचं उत्तर स्टॅनमोर किंवा व्हिएन्नाच्या आकड्यांवरून मिळणार नाही. ते इथल्या मुलांकडूनच, त्यांची तिशी येईपर्यंत त्यांच्यासोबत राहून, गोळा करावं लागेल. हे काम एका सर्जनच्या उत्साहावर सोडण्याऐवजी त्यासाठी रुग्णालयांत पगारी माणसं नेमली पाहिजेत, आणि त्यांचा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चाचाच भाग मानला गेला पाहिजे.